शून्याचे अठरा टक्के

बिल शून्याचं होतं. आमच्या क्रूझच्या जहाजाला मायामीचा धक्का सोडून तास-दीड तास झाला असेल. वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाशेजारच्या बारपाशी नवऱ्याने दोन मोहितो सांगितले आणि गळ्यातलं कार्ड पुढे केलं. बारटेंडरने ते यंत्राला टेकवलं आणि एक चिठोरं सरसरत बाहेर आलं. मोहितो दोन, रक्कम ०.००. त्याखाली एक रिकामी रेघ, ‘ॲडिशनल ग्रॅच्युइटी’, म्हणजे वरची टीप. तिच्याखाली दुसरी, सहीसाठी. नवऱ्याने पहिलीवर तिरकी काट मारली, दुसरीवर सही ठोकली आणि पेन परत दिलं. आमच्या मागे उन्हाने मान लाल भाजलेला एक म्हातारा अमेरिकन उभा होता. त्याचंही बिल शून्याचंच आलं. त्याने शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेली एक डॉलरची नोट काढली, अंगठ्याने बारवरून पुढे सरकवली आणि बिअर उचलून चालू लागला. नोट इतक्या सफाईने उचलली गेली की ती गेली कुठे तेही कळलं नाही. बोलणं नाही, आभार नाहीत. मी पुदिन्याचं पान चघळत विचार करत बसले, की शून्याच्या बिलावर माणसाने किती ठेवावं?

“अठरा टक्के आधीच गेलेत,” नवरा म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं.

तो सांगत होता ते खरंच होतं. हवी तितकी पेयं प्या असं दिवसाला ८० डॉलरचं पॅकेज धरा. त्यावर टिपेचे १८ टक्के म्हणजे १४ डॉलर ४० सेंट, दर माणशी, दर दिवशी, मग तुम्ही आठ पेले रिचवा नाहीतर केबिनमध्ये उलट्या करत पडून राहा. काही कंपन्या २० टक्के लावतात. एका केबिनमधल्या एकाने पॅकेज घेतलं की दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावंच लागतं, कारण एरवी एकाच्या कार्डावर दोघं पितील अशी कंपनीला धास्ती, आणि आपल्या लोकांना ओळखणारा कुणीही म्हणेल की धास्ती रास्त आहे. शिवाय खोली आवरणारे, जेवण वाढणारे यांच्यासाठी माणशी रोजचे अठरा-वीस डॉलर वेगळे. हे सगळं नवऱ्याने घरीच एक्सेलमध्ये मांडलं होतं. रोज सहा पेले झाले की पैसे वसूल, असं त्या तक्त्याचं म्हणणं होतं. त्यामुळे पहिले दोन दिवस तो तहान नसतानाही पीत होता. तिसऱ्या पेल्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर मजा कमी आणि कर्तव्यभावना जास्त दिसायची.

मला मात्र त्या अठरा टक्क्यांचं वेगळंच काहीतरी खुपत होतं. मार्चमध्ये, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना आम्ही पॅकेजचे पैसे भरून एका माणसाचे आभार मानून मोकळे झालो होतो. तो माणूस तेव्हा जहाजावरही नव्हता. बहुधा आपल्या गावी सुट्टीवर असेल, मुलाला शाळेत सोडत असेल. त्याने अजून एक लिंबूही कापलं नव्हतं, आणि आमच्याकडून त्याचा हिशेब चुकता झाला होता. आता तो समोर उभा राहून खरोखर लिंबू कापत होता, तर आमच्या हातात द्यायला काहीच उरलं नव्हतं. जहाजावर पैशाचं पाकीट केबिनच्या तिजोरीत पडून असतं. सगळं कार्डावर. हात मोकळे ठेवायची ही सोय मुद्दाम केलेली आहे, आणि ती उत्तम चालते.

बाबा आमच्याबरोबर होते. त्यांची केबिन वेगळी, आतल्या बाजूची, बिनखिडकीची. पॅकेज घ्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. “मी काय रोज सहा पेले पिणारो माणूस?” पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचा मुक्काम बारवरच. झालं असं, की जहाजावर प्रत्येकाच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून बारटेंडरचा बिल्ला जवळून वाचला आणि सरळ विचारलं, “खंयचे?” तो क्षणभर थबकला. हातातला शेकर थांबला. “पेडणें,” तो म्हणाला. “आमी शिरोड्याचे,” बाबा म्हणाले, म्हणजे तेरेखोल नदीच्या अल्याडचे. झालं. मेक्सिकोच्या आखातात दोन कोकणी माणसं पावसाबद्दल बोलू लागली. बाबांनी त्या दिवशी बिनदारूचा पिना कोलाडा मागवला, एक घोट घेतला आणि खाजगी आवाजात म्हणाले, “नारळ डब्यातलो.” तोही हसला. म्हणाला, “काका, हांगा सगळांच डब्यातलां.”

बाबांना जहाजावरची माणसं नवीन नाहीत, जरी जहाज नवीन असलं तरी. ते मुंबईत पोस्टमन होते आणि कितीतरी वर्षं त्यांची बीट धोबीतलावची होती. तिथल्या जेर महालात गोव्याच्या गावागावांचे क्लब, म्हणजे कूड. एकेका हॉलमध्ये भिंतीला लावलेल्या पत्र्याच्या ट्रंका, वर वेदी, आणि जहाज मिळायची वाट बघत बसलेले तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. पी अँड ओ ह्या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर वाढपी आणि आचारी गोव्याचे, डेकवरचे खलाशी रत्नागिरीकडचे, अशी वाटणी इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली. बाबा त्यांची पत्रं आणायचे. पत्रावर साउदॅम्पटनचा नाहीतर सिडनीचा शिक्का असला की जिने चढताना खालूनच हाक मारायचे. बोटीवरून उतरलेला कुणी असला की बाबांच्या हातात परदेशी सिगारेटचं पाकीट पडायचं. बाबा सिगारेट ओढत नसत. पाकीट घरी यायचं, शेजारच्या काकांकडे जायचं, आणि त्यातला चांदीचा कागद आमच्याकडे.

आणि दिवाळीला पोस्त. सरकारी नोकराने हात पसरू नये असा नियम आणि पोस्टमनला पोस्त द्यायची असा रिवाज, दोन्ही एकाच वेळी गुण्यागोविंदाने नांदायचे. बाबा मागायचे नाहीत, पण धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत रजाही घ्यायचे नाहीत. घरी आल्यावर खिसे पलंगावर रिकामे करायचे. आम्ही भावंडं नोटा सारख्या करायचो आणि ते सांगत बसायचे. रक्कम त्यांना आठवत नसे, देणं कसं होतं ते मात्र नेमकं आठवे. गिरगावातली एक आजी आधी आत बोलवायची, पाण्याचा तांब्या द्यायची, फराळाची पुडी बांधायची आणि सगळ्यात शेवटी, दारात, मुठीत दोन रुपये. वरच्या मजल्यावरचे एक शेठ गॅलरीतूनच दहाची नोट खाली सोडायचे. ती तरंगत यायची, कधी पन्हळीवर अडकायची. “दहा त्या दहा,” बाबा म्हणायचे आणि ती नोट गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवायचे. लहानपणी मला वाटायचं की मोठी नोट म्हणून खाली ठेवतात.

आता वय झाल्यावर मला दोन्ही बाजूंनी दिसतं, आणि म्हणून काहीच धड ठरवता येत नाही. वरून नोट सोडणारा शेठही मी असू शकते.

मागच्या भारतवारीत पुण्याच्या एका हॉटेलात नवऱ्याने बिलातला सर्व्हिस चार्ज काढायला लावला होता. तावातावाने. २०२२ च्या जुलैमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंच होतं की तो आपोआप बिलात घालता येणार नाही, आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. कायदा त्याच्या बाजूचा होता. मॅनेजर चरफडत नवीन बिल घेऊन आला. मग नवऱ्याने त्या वाढणाऱ्या मुलाच्या हातात शंभराच्या दोन नोटा ठेवल्या, काढलेल्या चार्जपेक्षा जास्तच. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं. तोच माणूस इथे अठरा टक्के निमूट भरतो आणि वर एक डॉलर ठेवायला राजी होत नाही. मी हे बोलून दाखवलं. “तिथे मी देत होतो, इथे माझ्याकडून घेतलेत,” तो म्हणाला. ह्यात तथ्य आहे हे मला मान्य करावं लागलं. फक्त समोरच्या माणसाचा ह्या भांडणाशी काय संबंध, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.

बारवरचा तो मुलगा (मुलगा कसला, पस्तिशीचा असेल, पण बाबांमुळे आमच्यासाठी मुलगा झाला होता) बाबांशी जे बोलायचा ते आमच्याशी बोलला नसता. आठ महिन्यांचं काँट्रॅक्ट, आणि आठवड्याची सुट्टी नावाची गोष्ट नाही. साइन ऑन केलं की साइन ऑफपर्यंत रोज काम. जहाज बंदराला लागलं की दोन-तीन तास मोकळे मिळाले तर मिळाले. ते फुकट वायफाय शोधण्यात जायचे. दर्यावर्दी कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानेही तो मान्य केलेला आहे. त्यात कामाची मर्यादा आहे, चोवीस तासांत १४ तास आणि आठवड्याला ७२. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, ही मर्यादा आहे की वेळापत्रक? अमेरिकेत हॉटेलातल्या वेटरचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवर अडकलंय, बाकीचं गिऱ्हाइकाने टिपेतून भरायचं. पण जहाज मायामीहून सुटत असलं, आत सगळे अमेरिकन बसलेले असले आणि दर डॉलरमध्ये लिहिलेले असले, तरी शेपटाला झेंडा, म्हणजे जहाजाची नोंदणी, बहामाचा नाहीतर पनामाचा असतो, आणि परदेशी झेंड्याच्या जहाजावरच्या खलाशाला तो दोन डॉलरचा कायदासुद्धा लागू होत नाही. मग पगाराची पोकळी कुणी भरायची? मार्चमध्ये एडिसनला कुकर लावून बसलेल्यांनी. त्या अठरा टक्क्यांना आभार म्हणायची माझी चूक नव्हे, कंपनीची हुशारी आहे. ते पगारच आहेत, फक्त आमच्या सौजन्याच्या खात्यातून वळते केलेले.

त्यातला किती वाटा त्याच्यापर्यंत येतो, असं बाबांनी विचारलं. पोस्टातला माणूस, मनीऑर्डरचं कमिशन विचारल्यासारखं त्यांनी ते सहज विचारलं. त्याने ग्लास पुसत खांदे उडवले. येतात, पण कसे येतात ते नीट सांगता यायचं नाही, असं काहीसं म्हणाला. “हातात दिलां तां माजां. तां घरा जाता.”

हे ऐकल्यावर मी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर गेले आणि वीस डॉलर मोडून आणले. काही एक-एकच्या नोटा आणि काही पाचाच्या. काउंटरवरच्या मुलीने न विचारताच तशा दिल्या, म्हणजे माझ्यासारखे बरेच येत असणार. संध्याकाळी पहिल्याच पेल्याबरोबर पाच डॉलर ठेवले. दुसऱ्या दिवशी समुद्रातला दिवस, बंदर नाही, त्यामुळे तलावाभोवती नुसता बाजार. सनस्क्रीनचा खोबरेल वास, लाकडी डेकवर सांडलेल्या रमने चिकट झालेले तळवे, स्टील ड्रमवाल्यांची तीच ती धून आणि बारपुढे ओल्या पाठींच्या तीन रांगा. मी मागे उभी. त्याने चार डोक्यांवरून मला पाहिलं, भुवई उंचावली, मी मान हलवली, आणि माणसांच्या खांद्यांवरून माझा पेला माझ्यापर्यंत आला. पुढच्या बाईने मागे वळून बघितलं. तिच्या हातातलं कार्ड माझ्यासारखंच, पॅकेज माझ्यासारखंच, अठरा टक्केही तेवढेच. मला आधी गुदगुल्या झाल्या आणि लगेच अंगावर काटा आला. कारण पाच डॉलरला मी कृतज्ञता दिली नव्हती, रांगेतली जागा विकत घेतली होती. भारतात ह्याला आपण ज्या नावाने ओळखतो ते इथे लिहीत नाही. पण तो पेला मी परत पाठवला नाही, आणि तो फार थंड आणि फार चांगला होता.

अमेरिकेत टिपेची ही सवय पक्की होण्यात रेल्वेचा मोठा हात आहे. १८६७ मध्ये सुरू झालेल्या पुलमन कंपनीने झोपायच्या डब्यांत पोर्टर म्हणून काळ्या माणसांना घेतलं. त्यातले बरेच नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले. पगार नाममात्र, बाकी उतारूंच्या मर्जीवर. आणि उतारू त्यांच्यातल्या प्रत्येकाला एकाच नावाने हाक मारायचे, ‘जॉर्ज’. मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून त्याच्या माणसांचंही तेच. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिप देण्यावर बंदी घालणारा कायदा केला, आणखी काही राज्यांनी केला, आणि १९२६ पर्यंत ते सगळे कायदे गुंडाळले गेले. पोर्टरांनी १९२५ मध्ये संघटना उभारली, आणि कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडलं. बारा वर्षं. त्यांच्या मागण्यांत पगार होता, तास होते. आणि त्या काळात डब्यांत पोर्टरचं खरं नाव लिहिलेली पाटी लागावी, ह्यासाठीही धडपड झाली होती. हे वाचताना मला पहिल्यांदा त्या बिल्ल्यांचं महत्त्व लक्षात आलं. इथे नाव आहे, देशही आहे. आणि तरी आमच्या शेजारच्या टेबलावरचं जोडपं त्याला आठवडाभर ‘बडी’ म्हणत होतं.

शेवटच्या रात्री पूर्वी पाकिटं वाटायची पद्धत होती. खोलीवाल्याचं वेगळं, वाढप्याचं वेगळं, त्याच्या मदतनिसाचं वेगळं. आता ती पद्धत बिलात विरघळून गेली आहे, तरी काही जुने उतारू पाकिटं घेऊन फिरताना दिसतात. आम्हीही एक केलं होतं. किती घालायचे ह्यावर केबिनमध्ये अर्धा तास खल झाला, आणि नवऱ्याने माझ्या आकड्यात स्वतःहून भर घातली, त्यामुळे त्याच्याबद्दल वर लिहिलेलं सगळं थोडं सौम्य करून वाचावं. पाकीट बाबांनी दिलं. त्याने उघडून बघितलं नाही, आतल्या खिशात ठेवलं आणि काउंटरवर ओणवा होऊन हळू आवाजात म्हणाला, “काका, घरा गेल्यार सर्व्हेची ईमेल येतली. तेच्यात माजां नाव लिवा. बिल्ल्यार आसा तसांच स्पेलिंग.” बाबांनी मागच्या खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतलं. त्यांना कागद कधीच लागला नाही.

ईमेल आली. एक ते दहामध्ये गुण द्या, स्वच्छता, जेवण, मनोरंजन, पुन्हा याल का. पार शेवटी एक छोटी चौकट, तुमची सफर खास करणाऱ्या कुणाचा उल्लेख करायचाय का. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे राहून स्पेलिंग सांगत होते. मी नाव लिहिलं, बारचं नाव लिहिलं, दोन ओळी लिहिल्या. बाबांचा आग्रह, गावही लिही. मी म्हटलं, गाव कशाला? “पत्ता पुरा नको?” त्यांनी विचारलं. लिहिलं गाव. ते वाचून मायामीतल्या कुठल्यातरी संगणकाला काय वाटलं असेल कुणास ठाऊक. पुढच्या काँट्रॅक्टला, बढतीला अशा उल्लेखांचा उपयोग होतो म्हणतात, आणि ते खरं असेल तर मला त्याचाही राग येतो. एका माणसाची नोकरी माझ्या मूडवर, माझ्या फावल्या वेळावर आणि माझ्या स्पॅम फोल्डरवर का म्हणून अवलंबून असावी? राग आला तरी मी दहापैकी दहा दिले. नऊ दिले असते तर त्याचं काय झालं असतं, ह्याची मला खात्री नव्हती.

नवऱ्याने पुढच्या वर्षीचे दर बघायला सुरुवात केली आहे. दुसरी कंपनी, पेयांवर २० टक्के. तक्त्यात ह्या वेळी ‘रोख’ असा एक नवा कॉलम आहे, आणि तो पहिल्या दिवशी खर्चात धरायचा की शेवटच्या, ह्यावर आमचं जमत नाही. शेवटच्या दिवशी दिलं तर ते निव्वळ देणं, असं माझं म्हणणं. पहिल्या दिवशी दिलं तर निदान त्या माणसाला आठवडाभर कळतं तरी की ही माणसं देणारी आहेत, असं त्याचं. बाबा आता शिरोड्याला परत गेलेत. परवा फोनवर त्यांना विचारलं. “पोस्त आगाव कोण दिता काय?” ते म्हणाले. मी नवऱ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. पलीकडे जरा वेळ खाकरणं ऐकू आलं. “पण पयल्या दिवसा पाच डॉलर देवा. रांगेत खूप येळ उबा रवाचा लागता.” नवऱ्याने त्या कॉलमचे दोन केले.